आधी पत्र्याची वाट, मग प्लॉट

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ नाशिकच्या अंबडला तीन भाड्याच्या गाळ्यांत इलेक्ट्रिक पॅनेलची कॅबिनेट बनवतो. गिऱ्हाईक सातपूर-अंबडचंच. एका गाळ्यात कटिंग-बेंडिंग, दुसऱ्यात वेल्डिंग, तिसऱ्यात असेंब्ली आणि वायरिंग. पावडर कोटिंग, म्हणजे पुडीचा रंग मारून भट्टीत भाजणं, बाहेरून करून घेतो. माणसं २६, त्यांत वायरिंगच्या ८ मुली. आता ३ किलोवॉटचं फायबर लेझर घ्यायचं आहे, पावडर कोटिंगही स्वतःकडे आणायचं आहे, म्हणून स्वतःची जागा बघतोय. चार जागा डोळ्यासमोर आहेत. अंबडलाच ११०० चौ.मी.चा प्लॉट, त्यावर ५५० चौ.मी.चं जुनं शेड, कडेची उंची ४.२ मीटर. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत २४०० चौ.मी.चे दोन प्लॉट : एक २४ बाय १०० मीटर, रस्ता पूर्वेला, भाव कमी, दुसरा ४० बाय ६० मीटर, रस्ता उत्तरेला, भाव जास्त. चौथी गोंदे दुमाल्याजवळ ४० गुंठे खासगी बिनशेती जमीन. धाकटा म्हणतो, समृद्धी झाली, सिन्नरच घेऊ. वडील म्हणतात, वास्तूप्रमाणे पूर्वेचं दार हवं, शिवाय तोच प्लॉट स्वस्त आहे. कुठला घ्यावा आणि आत मशिनं कशी मांडावीत?

उत्तर : तुमच्या पत्रात चारही जागांचं क्षेत्रफळ आहे, कुठे भावाचा, कुठे दिशेचा उल्लेख आहे. तुमचा पत्रा किती लांब आणि तो फिरवायला किती जागा लागते, हे मात्र कुठेच नाही. सुरुवात तिथून करा. आधी शेड आतून कसं असायला हवं ते कागदावर काढा, मग त्याला बसेल असा प्लॉट शोधा. उलटं केलं, म्हणजे प्लॉट घेऊन त्यात शेड कोंबलं, की पुढची वीस वर्षं माणसं पत्रे उचलत आणि ठेवत बसतात. त्या कष्टाचं वेगळं बिल येत नाही, म्हणून तो खर्च कुणाच्या नजरेत येत नाही.

सर्वांत जास्त चालणारं एक कॅबिनेट घ्या, समजा २१०० बाय ८०० बाय ६०० मिमीचं. त्याच्या दाराचा पत्रा टेम्पोतून उतरल्यापासून माल पॅक होईपर्यंत किती वेळा उचलला, किती वेळा खाली ठेवला, किती पावलं चालला, हे वही घेऊन एक दिवस त्याच्या मागे फिरून लिहा. तीन गाळ्यांत काम असल्यामुळे आकडा मोठाच निघेल. नव्या जागेत तो निम्म्यावर आला पाहिजे, हे लक्ष्य ठेवा.

मग थर्माकोलची शीट आणि पुठ्ठा आणा. माप १:५० धरा. ४२ मीटरचं शेड ८४ सेंटिमीटरचं होईल. पुढेमागे सरकणाऱ्या दोन टेबलांचं लेझर साधारण ९ बाय ३ मीटर जागा घेतं, म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा १८ बाय ६ सेंटिमीटर. पत्रा वाकवणारा ३ मीटरचा प्रेस ब्रेक ७ बाय ४ सेंटिमीटरला. आता ६ बाय ३ सेंटिमीटरची एक चिठ्ठी कापा. हा तुमचा ३००० बाय १५०० चा पत्रा. टाचणीने मशिनं टोचून बसवा आणि चिठ्ठी बोटाने सरकवत ट्रकपासून लेझरपर्यंत, लेझरपासून ब्रेकपर्यंत न्या, ब्रेकसमोर आडवी फिरवून बघा. जिथे ती शेजारच्या तुकड्याला लागते, तिथेच खरा पत्राही लागणार; फक्त ३ मिमी जाडीचा खरा पत्रा १०६ किलोचा असतो आणि त्याची धार हातमोजा कापते. हा खेळ दोन संध्याकाळी करा, आणि तो करताना वेल्डर आणि ब्रेकचा ऑपरेटर जवळ बसवा. कुठे अडतं ते त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळतं.

आता जागा मोजू. कच्च्या पत्र्याला ८० ते ८५ चौ.मी. लेझरला चिलर, स्टॅबिलायझर, धूळ ओढणारं युनिट आणि कापलेला माल वेगळा करायचं टेबल धरून १२०. दोन ब्रेकना ८५, कारण प्रत्येकासमोर निदान ३ मीटर मोकळं लागतं. वेल्डिंग-ग्राइंडिंगला ९५. पावडर कोटिंगला २४०. ही जागा सगळेच कमी धरतात आणि मग भट्टी दारात येते. रंगवलेल्या सुट्या भागांना ७०, असेंब्ली-वायरिंगला १७०, टेस्टिंगला ६०, पॅकिंग आणि डिस्पॅचला ८५. बेरीज साधारण १००० चौ.मी., मधला ३ मीटरचा रस्ता यातच धरलेला. शेडभोवती अग्निशमनाची गाडी फिरावी म्हणून ६ मीटर मोकळे, आणि ज्या बाजूला ट्रक लागणार तिथे १० मीटर. शेड आणि हद्द यांच्यात सोडायच्या सामासिक अंतराचे नियम प्लॉटच्या आकाराप्रमाणे बदलतात, ते एमआयडीसीकडून तपासून घ्या. पण नियमाने कमी चाललं तरी ट्रकला कमी चालत नाही.

हे मोजमाप चारही जागांना लावून बघा.

२४ बाय १०० च्या प्लॉटमध्ये दोन्ही बाजूंना ६ मीटर सोडले की शेडची रुंदी उरते १२ मीटर. त्यातून ३ मीटरचा रस्ता गेला की ९. नऊ मीटरमध्ये नऊ मीटरचं लेझर आडवं बसवलं तर भिंतीला टेकतं, उभं बसवलं तर पुढचं काम त्याच्या मागे रांगेत जातं. आगगाडीच्या डब्यासारखं शेड होतं : एका टोकाला पत्रा येतो, तयार माल ७५ मीटर लांबच्या दुसऱ्या टोकाला निघतो, आणि रस्ता तर एकाच बाजूला आहे. म्हणजे तयार कॅबिनेट ६ मीटरच्या बोळातून परत पुढे आणायचं. हा प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. क्षेत्रफळ दोन्हींचं सारखंच आहे, पण ४० बाय ६० मध्ये २४ बाय ४२ मीटरचं शेड बसतं, पूर्वेला १० मीटरचा ट्रकचा पट्टा, पश्चिमेला आणि मागे ६ मीटर, पुढे १२ मीटरचं अंगण. चटई क्षेत्रही शिल्लक राहतं.

अंबडचा प्लॉट गिऱ्हाइकाच्या आणि कामगारांच्या जवळ आहे, हे खरं आणि मोलाचं. अडचण जागेची आहे तशीच उंचीचीही. रंगाआधी पत्र्यावर फॉस्फेटचा थर चढवायच्या, म्हणजे फॉस्फेटिंगच्या, टाकीची कड जमिनीपासून १.५ मीटर. तिच्यावरून माल उचलून पुढच्या टाकीत न्यायचा, तर ३० सेंटिमीटर सोडून सव्वा मीटरचा भाग, त्यावर अर्ध्या मीटरचं हँगर. हुक साडेतीन मीटरवर गेला. वर माल उचलणारा होइस्ट आणि त्याचा बीम एक मीटर, वर छत. कड साडेपाच ते सहा मीटर हवी, ४.२ मध्ये ते बसत नाही. मग कुणीतरी सुचवतं की टाक्या जमिनीत पुरा. ते अजिबात करू नका. पुरलेली टाकी गळायला लागली तरी दिसत नाही, आणि आम्ल पायाखाली मुरत राहतं. शेड पाडून नवीन बांधलं तरी ११०० चौ.मी.त ट्रक उभा करायला जागा उरत नाही.

गोंद्याची जमीन क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठी, ४० गुंठे म्हणजे ४०४७ चौ.मी. पण इगतपुरी तालुक्याचा तो भाग भाताचा आहे. प्लॉट आधी भातखाचर होता का, ते शेजारच्या बांधांवरून कळतं. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेली जमीन. तिथे शेडचा पाया आणि जोतं दोन्ही महाग पडतात. मार्चमध्ये सगळीच जमीन कोरडी आणि सुंदर दिसते. ऑगस्टमध्ये बघा, नाहीतर गावातल्या माणसाला विचारा की पोळ्याच्या सुमारास तिथून दुचाकी जाते का. दुसरं म्हणजे वीज. लाइन गावठाणाच्या किंवा शेतीच्या फीडरवर असेल तर ट्रिपिंग सोसावं लागेल. वीज गेली की लेझरखालचा पत्रा अर्धवट कापलेला राहतो आणि भट्टीतला माल अर्धा भाजलेला. शेजारच्या कारखान्यात जाऊन त्यांच्या जनरेटरचा तासांचा मीटर बघा. महिन्याला किती तास चालला, ते कुणाच्या तोंडी आश्वासनापेक्षा खरं असतं. कागदपत्रांत बिनशेती आदेश, सातबारा, फेरफार, झोन दाखला आणि तीस वर्षांचा शोध हे वकील बघेलच. तुम्ही एक गोष्ट स्वतः बघा : महामार्गापासून प्लॉटपर्यंतचा रस्ता नकाशात आहे का, की नुसती वहिवाट आहे. भूमि अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.

धाकट्याला समृद्धीचं आकर्षण आहे. समृद्धीचा सिन्नर तालुक्यातला गोंदे इंटरचेंज नाशिक-पुणे रस्त्यावर आहे, आणि तुमची जमीन मुंबई-आग्रा महामार्गावरच्या इगतपुरीच्या गोंद्याला. नावं सारखी असल्यामुळे दलाल दोन्हींची सरमिसळ करतात, तेवढं लक्षात ठेवा. पण मुद्दा वेगळा आहे. तुमचा माल नागपूरला जात नाही, सातपूरला जातो. वर सांगितलेलं कॅबिनेट एक घनमीटर जागा अडवतं आणि वजनाला सव्वाशे किलोच्या आसपास भरतं. तेवढ्याच वजनाचा २५०० बाय १२५० चा पत्रा गठ्ठ्यात फक्त ५ मिमी उंची घेतो. आठ टनांचा एक ट्रक पत्रा येतो, आणि भंगार वजा जाऊनही तयार माल न्यायला १४ फुटी टेम्पोच्या चार-पाच फेऱ्या लागतात. म्हणजे तुमच्या धंद्यात कच्चा माल कुठून येतो याला फार महत्त्व नाही. गिऱ्हाईक किती लांब याला आहे, कारण जाताना तुम्ही हवा वाहता. सिन्नरहून ही हवा मोहदरी घाटातून उतरवायची, दोरखंडाने आवळायची, आणि आवळलेल्या जागी रंगाला घासाघीस.

म्हणून आमचा सल्ला असा : माळेगावचा ४० बाय ६० चा प्लॉट घ्या आणि अंबडच्या तीनपैकी एक गाळा ठेवा. माल जिथे फुगतो तिथे काम तोडा. फ्रेम वेल्ड न करता बोल्टवर जोडता येईल अशा कॅबिनेटचे भाग रंगवून, मध्ये फोम घालून, आडवे थर लावून अंबडला आणा आणि उभं करणं, वायरिंग, टेस्टिंग तिथेच करा. एका टेम्पोत मग १२ ऐवजी निदान दुप्पट कॅबिनेटचे भाग येऊ शकतात, आणि वायरिंगच्या आठही मुलींना तीस किलोमीटरची बस पकडावी लागत नाही. हाताला सफाई आलेली वायरिंगची मुलगी पहिल्याच महिन्यात सोडून गेली की नवीन तयार करायला सहा महिने जातात; ते नुकसान जागेच्या भावात कधीच धरलेलं नसतं. पूर्ण वेल्डेड फ्रेमची कॅबिनेट सिन्नरलाच पुरी करा. बस आणि माणसं स्थिरावली की गाळा सोडायचा की नाही ते ठरवा.

आता आतली मांडणी. शेड उत्तर-दक्षिण लांब, २४ मीटर रुंदीचे १२-१२ चे दोन भाग, मध्ये कॉलमची एकच रांग, छत मात्र एकच दुपाखी. दोन छतं शेजारी-शेजारी केली की मध्ये पन्हळ येते, आणि मधल्या पन्हळीत पानं अडकली की पाणी सरळ मशिनवर. १००० चौ.मी.च्या छपरावर तासाला १०० मिमीचा पाऊस कोसळला तर सेकंदाला २८ लिटर पाणी उतरतं. कडेच्या पन्हळी आणि पाइप या हिशोबाने घ्या.

गेट ईशान्य कोपऱ्यात, ६ मीटर रुंद. ट्रक वळण न घेता सरळ पूर्वेच्या १० मीटरच्या पट्ट्यात येतो. ट्रकची रुंदी अडीच मीटर, फोर्कलिफ्टला वळून उचलायला चार-साडेचार. म्हणून १० मीटर, त्यात उधळपट्टी नाही. पत्र्याचा साठा पूर्व भागाच्या उत्तर टोकाला, थेट या पट्ट्यावर उघडणाऱ्या शटरच्या आत. शटर ५ मीटर रुंद घ्या, कारण फोर्कलिफ्टवर ३ मीटरचा गठ्ठा आडवा असतो. तोच गठ्ठा तुमच्या ३ मीटरच्या आतल्या रस्त्यातून कधीच जाणार नाही. साठा आत खोलवर ठेवलेल्या कारखान्यांत गठ्ठा दारात फोडून पत्रे एकेक आत नेतात, आणि कोपरे तिथेच दुमडतात.

तिथून दक्षिणेकडे क्रमाने ७ मीटर साठा, १० मीटर लेझर, ७ मीटर ब्रेक, ८ मीटर वेल्डिंग. साठ्यातून लेझरच्या टेबलावर पत्रा ठेवायला भिंतीवरची झुलती क्रेन आणि २५० किलोचा व्हॅक्यूम लिफ्टर बसवा. दोन माणसांनी १०६ किलो उचलणं पाठ मोडणारं आहे. पूर्ण भागावर फिरणारी क्रेन आज घेऊ नका, पण शेडची ऑर्डर देताना कॉलमला ३ टनांचे ब्रॅकेट आणि तेवढा भार धरायला सांगा. नंतर जुन्या कॉलमला ब्रॅकेट वेल्ड करायचं म्हणजे डिझायनर नाही म्हणतो आणि फॅब्रिकेटर हो म्हणतो. कडेची उंची ७ मीटर. छपरावर सोलर येणार असेल तर चौ.मी.ला १५ किलो जादा भार तेव्हाच लिहून घ्या.

लेझरखाली फरशीपासून सुटी, ३०० मिमी जाडीची वेगळी स्लॅब करा. ऑक्सिजन-नायट्रोजनचे सिलिंडर आत ठेवू नका. पूर्वेच्या भिंतीबाहेर जाळीच्या शेडमध्ये ठेवून पाइप आत आणा. बंद खोलीत नायट्रोजन गळला तर वास येत नाही, माणूस थेट खाली पडतो. एलपीजीची बँक ऑक्सिजनपासून निदान ६ मीटर दूर.

दक्षिणेचा पूर्ण २४ बाय १० चा पट्टा पावडर कोटिंगचा. सात टाक्या आग्नेय कोपऱ्यात : डीग्रीसिंग (तेल काढणं), पाणी, डीरस्टिंग (गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन. मग सुकवायची भट्टी, पावडर मारायचा बूथ, आणि रंग भाजायची १८० ते २०० अंशांची क्युरिंगची भट्टी, पूर्वेकडून पश्चिमेकडे. नाशिकला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आम्लाची वाफ आग्नेयेतून बाहेर जाते आणि तुमच्या पत्र्यावर, लेझरवर फिरून येत नाही. वेल्डिंग आणि हा पट्टा यांच्यामध्ये छतापर्यंत भिंत हवीच. ग्राइंडिंगची धूळ न भाजलेल्या पावडरवर येऊन चिकटते. भट्टीतून निघालेल्या दारावर खसखशीसारखे दाणे दिसले, तर पावडरच्या दुकानदाराशी भांडण्याआधी ही भिंत बघा. टाक्यांखाली आम्ल सोसणाऱ्या विटांचं अस्तर आणि वेगळी नाली, ती सरळ सांडपाणी प्रक्रियेकडे.

परत येताना पश्चिम भागातून उत्तरेकडे : ६ मीटर रंगवलेले भाग, १४ मीटर असेंब्ली, ५ मीटर टेस्टिंग, ७ मीटर डिस्पॅच वायव्येला, समोर अंगणात टेम्पो. ऑफिस डिस्पॅचच्या वर. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, म्हणून तिला ३ मीटरपर्यंत वीटकाम, छपराला इन्सुलेशन, आणि ६ मीटरच्या पट्ट्यात आत्ताच झाडं लावा. कामगार कमी थकले की वायरिंगच्या चुका कमी होतात. वाढ करायची झाली तर याच भागावर मजला येईल, तेव्हा तिथल्या कॉलमचे पाय आजच त्या भाराचे घाला.

वडिलांना हा नकाशा उलगडून दाखवा. दार ईशान्येला आलं, तयार माल वायव्येला. त्यांनी सांगितलेलं यात बरंच सांभाळलं आहे, आणि पत्र्याची वाटही मोडलेली नाही. फक्त प्लॉटचं तोंड उत्तरेला आहे. तेवढ्यासाठी १२ मीटरच्या डब्यात आयुष्य काढू नये, हे त्यांना शांतपणे पटवा.

पाण्याचा हिशोब. धुण्याच्या तीन टाक्यांत मिनिटाला ५ लिटर सोडलं तर ८ तासांत ७२०० लिटर जातात. ज्या पायरीनंतर धुण्याची दुसरी टाकी वाढवाल तिथे दुसऱ्या टाकीचं पाणी पहिलीत वाहू द्या, खर्च पुष्कळ उतरतो. सिन्नर कोरडा तालुका आहे, तेव्हा प्लॉटला एमआयडीसीचं किती पाणी मंजूर होईल ते लेखी घ्या, बोअरवर विसंबू नका. बोअरचं जड पाणी शेवटच्या धुण्याला वापरलं की सुकल्यावर पांढरे डाग पडतात आणि त्या डागांवरचा रंग सहा महिन्यांत फुगतो. शेवटच्या टाकीला आरओचं पाणी द्या.

प्रदूषण मंडळाचं काम सगळ्यांत आधी करा. फॉस्फेटिंग, पिकलिंग (आम्लाने गंज काढणं) ही धातूच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या, वर्गात धरतात. नुसतं कटिंग-बेंडिंग असतं तर प्रश्न सोपा होता. म्हणून त्या प्लॉटवर ही प्रक्रिया चालेल का, हे विसार देण्याआधी विचारा. स्थापनेची संमती बांधकामाआधी आणि चालवण्याची संमती सुरू करण्याआधी लागते. आधीच्या मालकाची संमती तुमच्या कामाची नाही. टाक्यांतला गाळ घातक कचरा आहे, तो ठेवायला छत असलेली, कट्टा घातलेली जागा नकाशात दाखवा. कारखान्याचा नकाशा औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाकडेही जातो. तिथे पाठवायच्या प्रतीत बाहेर पडायची दारं परस्परविरुद्ध टोकांना आहेत ना, ते बघा.

वीज, किलोवॉटमध्ये : लेझर आणि चिलर २५, धूळ युनिट ५, कॉम्प्रेसर आणि ड्रायर २४, दोन ब्रेक २२, सहा वेल्डिंग ४८, ग्राइंडर ६, कोटिंगचे पंप-ब्लोअर २५ (भट्टी एलपीजीची धरून), दिवे-पंखे-ऑफिस-होइस्ट २२. जोडलेला भार १७७ किलोवॉट, एका वेळी ६० टक्के धरला तर १०६. लघुदाबाची १५० किलोवॉटची मर्यादा आज पुरते. दुसरं लेझर आणि विजेची भट्टी दोन्ही आली की ती ओलांडाल आणि उच्चदाब घ्यावा लागेल. त्यासाठी गेटजवळ ५ बाय ६ मीटरची जागा आजपासून मोकळी ठेवा, तिथे बाग करू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकात अर्थिंगला रोध फार येतो. लेझरच्या अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्या आणि मोजून १ ओहमच्या आत आल्याशिवाय मशिन बसवणाऱ्याला बोलावू नका.

माळेगावचा प्लॉट आधीच्या मालकाकडून हस्तांतराने घेत असाल, तर मूळ लीजचा करार, बांधकामासाठी दिलेली मुदत, ती संपली असेल तर वाढीचं शुल्क, पाणीपट्टी-सेवाशुल्काची थकबाकी, बँकेचा बोजा आणि हस्तांतराचं शुल्क कुणी भरायचं, हे करारात ओळीने लिहा. एमआयडीसीच्या परवानगीशिवाय नुसत्या मुखत्यारपत्रावर ताबा देत असतील तर थांबा.

आणि जमीन. व्यवहाराआधी जेसीबीने तीन खड्डे घ्या, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एक मध्ये, अडीच मीटर खोल. काळी माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, ते टेप लावून फोटो काढा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर टाकलेली फरशी दुसऱ्या वर्षी उचलते आणि लेझरची पातळी हलते. एक मीटर माती निघाली तर शेडखालीच १००० घनमीटर, म्हणजे ३५३ ब्रास भराव. दाबल्यावर बसतो म्हणून सव्वापट, ४४० ब्रास मागवावा लागेल. हा खर्च प्लॉटच्या भावात मिळवूनच घासाघीस करा. भराव एकदम ओतू देऊ नका : २०० मिमीचा थर, पाणी, व्हायब्रेटर रोलर, मग पुढचा थर. ठेकेदार शेवटचे तीन थर एकदम टाकायला बघतो, त्या दिवशी दोघांपैकी एकाने तिथे उभं राहायचं. जोतं रस्त्याच्या मधल्या उंचीपेक्षा ६०० मिमी वर.

भराव मेअखेर पुरा करा आणि एक पावसाळा त्यावर जाऊ द्या. जे बसायचं ते बसेल. कॉलमचे पाय ऑक्टोबरात, शेड त्यानंतर, आणि फरशी सगळ्यांत शेवटी, छताखाली : २३० मिमी दगडी सोलिंग, १०० मिमी साधं काँक्रीट, वर १५० मिमी एम-२५ ट्रिमिक्स (जादा पाणी शोषून घेतलेलं काँक्रीट). सांधे साडेचार मीटरच्या चौकोनांत, जाडीच्या एक तृतीयांश खोल, काँक्रीट टाकल्यापासून २४ तासांच्या आत कापायचे. उशीर झाला की काँक्रीट आपली भेग आपणच पाडून मोकळं होतं, आणि ती नेमकी ब्रेकच्या पायाखाली जाते.